एका खोलीतील वृंदगान : जेकब कॉलिअर ह्यांच्या कारकिर्दीचा विचार

आमच्या एका शिक्षकमित्रांनी मध्यंतरी आम्हांस आपली एक अडचण सांगितली. त्यांच्यापाशी सात वर्षे ख्याल शिकणारा, गळ्याने गोड आणि बुद्धीने तल्लख असा एक विद्यार्थी हळूहळू शिकवणीस येईनासा झाला. चौकशी करता असे कळले की, त्याने घरी एक ध्वनिग्राहक व संगणक आणला असून स्वतः रचलेली गाणी स्वतःच गाऊन, वाजवून, मुद्रित करून तो यूट्यूबवर ठेवीत आहे. मित्रांनी त्यास बोलावून कारण विचारले. तो नम्रपणे, पण ठामपणे म्हणाला, "गुरुजी, जेकब कॉलिअर आपल्या खोलीत बसून गायला आणि जग त्याच्या दारी आले. मग मी इतकी वर्षे दुसऱ्याच्या दारी का बसावे?" ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, असे मित्रांनी आम्हांस विचारले. आम्ही तेव्हा निरुत्तर झालो, कारण ज्या कलावंताचे नाव त्या मुलाने घेतले त्याचे एकही गीत आम्ही लक्षपूर्वक ऐकलेले नव्हते. न ऐकता मत देण्याची सवय आपल्याकडील विद्वानांस आहे. ती आपणांस लागू नये म्हणून आम्ही त्यानंतरचे काही महिने हे संगीत ऐकण्यात घालविले. प्रस्तुत लेख हे त्या श्रवणाचे फळ होय.

आरंभी थोडा चरित्रविषयक तपशील देणे अवश्य आहे. जेकब कॉलिअर ह्यांचा जन्म १९९४ च्या ऑगस्टमध्ये लंडन येथे झाला. मातोश्री सूझी कॉलिअर ह्या व्हायोलिनवादक, वृंदसंचालक व शिक्षिका. आजोबा डेरेक कॉलिअर हेही नामांकित व्हायोलिनवादक. बालवयात त्यांनी बेंजामिन ब्रिटन ह्यांच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' ह्या संगीतनाटकात मुलाची भूमिका गाऊन केली. पुढे पर्सेल ह्या संगीतशाळेत शिक्षण झाले. रॉयल अकॅडमी ऑफ म्यूझिक ह्या विख्यात संस्थेत जॅझ पियानोचा अभ्यास सुरू केला, पण तो पुरा केला नाही. ह्याच काळात उत्तर लंडनमधील घरातल्या संगीताच्या खोलीत बसून ते एक विलक्षण उद्योग करू लागले होते. एखादे परिचित गीत घ्यावयाचे, त्याचा प्रत्येक आवाज स्वतः गावयाचा, प्रत्येक वाद्य स्वतः वाजवावयाचे, आणि हे सारे थर एकावर एक रचून त्याचे चलच्चित्र यूट्यूबवर ठेवावयाचे. पडद्यावर चौकटी पडलेल्या असत आणि प्रत्येक चौकटीत तोच तरुण वेगळा आवाज लावून गात असे. २०१३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी स्टीव्ही वंडर ह्यांच्या 'डोन्ट यू वरी बाउट अ थिंग' ह्या गीताची अशी मांडणी प्रसिद्ध केली. ती हातोहाती फिरत क्विन्सी जोन्स ह्या अमेरिकन संगीतमहर्षींपर्यंत पोहोचली, आणि त्यांच्या संस्थेने ह्या तरुणाचे व्यवस्थापन पत्करले. २०१५ साली माँत्रो येथील जॅझ महोत्सवात कॉलिअर ह्यांनी एकट्याने रंगमंचावर अनेक वाद्ये हाताळीत कार्यक्रम केला. २०१६ मध्ये 'इन माय रूम' हा त्यांचा पहिला गीतसंग्रह आला. तो त्यांनी त्याच खोलीत, रचनेपासून वादनापर्यंत एकहाती सिद्ध केला होता. २०१७ च्या आरंभी त्यातील दोन मांडण्यांना ग्रॅमी पारितोषिके मिळाली. नंतर २०१८ ते २०२४ ह्या काळात 'जेसी' नावाचा चार खंडांचा प्रकल्प पुरा झाला, आणि २०२५ पर्यंत ग्रॅमी पारितोषिकांची संख्या सातावर गेली.

इतके यश पाहून भारावून जाणे सोपे आहे, आणि 'ही यंत्राची करामत' म्हणून नाक मुरडणे त्याहूनही सोपे आहे. टीकाकाराचे काम ह्या दोहोंहून निराळे आहे. ह्या संगीतात स्वतःचे असे काय आहे, ते कोठे फुलते आणि कोठे कोमेजते, हे पाहणे त्याचे काम होय.

आपण रागसंगीताचे श्रोते. आपल्या कानांस एका षड्जाभोवती उलगडत जाणारी एक स्वररेषा ऐकण्याची सवय आहे. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी उच्चारून त्यांच्या परस्परसंबंधांतून अर्थ निर्माण होतो. ह्या स्वरगटास कॉर्ड आणि त्यांच्या संबंधांच्या शास्त्रास हार्मनी म्हणतात. कॉलिअर ह्यांची प्रतिभा मुख्यतः हार्मनीची आहे. साध्या चालीखाली ते असे स्वरगट ठेवतात की, ओळखीची चाल अनोळखी प्रकाशात दिसू लागते. आपल्याकडे एकच अभंग सकाळच्या रागात बांधला आणि नंतर रात्रीच्या रागात बांधला, तर शब्द तेच राहूनही त्याची वृत्ती पालटते. असा पालट ते एका ओळीच्या अवकाशात दोन-तीन वेळा घडवून आणतात.

ह्याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे २०१६ साली त्यांनी केलेली 'इन द ब्लीक मिडविंटर' ह्या नाताळगीताची मांडणी. क्रिस्टिना रोझेटी ह्यांची कविता आणि गुस्ताव्ह होल्स्ट ह्यांनी १९०६ साली दिलेली ही चाल इंग्रज माणसाच्या कानांत बालपणापासून मुरलेली असते. कॉलिअर ह्या गीताच्या शेवटच्या कडव्याकडे जाताना आधारस्वर बदलतात. आधार बदलणे ही त्या संगीतात नित्याची गोष्ट आहे. परंतु येथे ते 'ई' ह्या स्वरावरून निघून पियानोच्या पट्टीवर अस्तित्वातच नसलेल्या एका स्वरावर जाऊन थांबतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, मूळ 'ई' हा षड्ज मानल्यास नवा षड्ज कोमल गंधार आणि शुद्ध गंधार ह्यांच्या बरोबर मध्यावर पडतो. आणि नवल असे की, हे स्थित्यंतर ऐकताना कानास खडा लागत नाही. गायक अवघ्या चार स्वरगटांच्या पायऱ्यांवरून, प्रत्येक पायरीवर आवाज किंचित सरकवीत, श्रोत्यास नकळत त्या जागी नेऊन बसवितो.

आम्हां भारतीयांस ह्या ठिकाणी थांबून विचार करावासा वाटतो. सप्तकाचे बारा समान भाग पाडणाऱ्या पियानोच्या व्यवस्थेने श्रुतींचा लोप होतो, ही आपल्या संगीतज्ञांची जुनी तक्रार आहे; ह्याच वादात १९४० साली आकाशवाणीने संवादिनीवर बंदी घातली होती. पाश्चात्त्य संगीत म्हणजे बारा पट्ट्यांचा तुरुंग, असे आपण विद्यार्थ्यांस सांगत आलो. आता त्याच परंपरेतील एक तरुण मानवी कंठाच्या बळावर त्या पट्ट्यांच्या फटींतून हिंडताना दिसतो. ह्याने आपला श्रुतिविचार खोटा ठरत नाही. पण त्यावर एकट्या आपलाच हक्क आहे ही समजूत मात्र सोडावी लागते. कॉलिअर ह्यांचा मार्ग आपल्याहून वेगळा आहे. आपल्याकडे श्रुती ही रागाच्या भावाशी बांधलेली असते; भैरवातील कोमल ऋषभाचे आंदोलन त्या रागाचा प्राण असते. त्यांच्याकडे सूक्ष्म स्वर हा प्रवासाचा मार्ग आहे. तो रागासारखा वस्तीचा गाव होत नाही. हा भेद लक्षात ठेवला म्हणजे कौतुक आणि तुलना ह्यांची गल्लत होत नाही.

आता ह्या कारकिर्दीतील एका मुद्द्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. वर उल्लेखिलेल्या सात पारितोषिकांपैकी सहा परकीय गीतांच्या मांडणीसाठी आहेत. स्टीव्ही वंडर ह्यांचे 'यू अँड आय', 'फ्लिंटस्टोन्स' ह्या व्यंगचित्रमालिकेचे शीर्षकगीत, 'मून रिव्हर', लायोनेल रिची ह्यांचे 'ऑल नाइट लाँग', अन्य गायिकांसमवेत केलेले 'इन द वी स्मॉल अवर्स', पॉल सायमन ह्यांचे 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' : ही सर्व गीते दुसऱ्यांची. केवळ २०२१ साली गौरविलेले 'ही वोन्ट होल्ड यू' हे गीत त्यांचे स्वतःचे. मग हा कलावंत दुय्यम, टीकाकार जातीचा समजावयाचा काय?

आमच्या मते नाही. 'भावार्थदीपिका' ही गीतेवरील टीका आहे, म्हणून ज्ञानेश्वरांस दुय्यम कवी म्हणण्याचे धाडस मराठी मनुष्य करणार नाही. ख्यालगायक बहुधा दुसऱ्याची बंदिश गातो. सदारंगाची दोन ओळींची चीज घेऊन तो तासभर जे मांडतो ते त्याचे स्वतःचे असते. मूळ वस्तू परिचित असल्यामुळेच मांडणारा कोठे वळला, काय गाळले, काय उजळले, हे श्रोत्यास कळते. कॉलिअर ह्यांच्या 'फ्लिंटस्टोन्स'मध्ये मुलांच्या खेळातली एक उथळ चाल जॅझच्या गहन स्वरविचाराचे वाहन होते, ही खरी भाष्यकाराची किमया आहे. मात्र ह्याच न्यायाने हेही म्हटले पाहिजे की, त्यांच्या स्वतंत्र गीतांचे शब्द त्यांच्या स्वरांच्या तोलाचे नाहीत. आनंद, प्रकाश, प्रेम, घर ह्या शब्दांभोवती ती गीते फिरतात, आणि स्वरांनी जेथे दहा अर्थ सुचविले तेथे शब्द एकच, आणि तोही सामान्य, सांगून मोकळे होतात. साहित्याच्या उपासकांस ही उणीव विशेष जाणवेल.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. क्षेमेंद्राने औचित्यास काव्याचे जीवित म्हटले. आनंदवर्धनाने न बोललेल्या अर्थास काव्याचा आत्मा मानले. कॉलिअर ह्यांच्या कित्येक मांडण्यांत न बोललेले असे काही उरतच नाही. पाच स्वरांनी भागेल तेथे बारा येतात. एक वाद्य पुरेल तेथे वीस गर्दी करतात. लय स्थिरावते न स्थिरावते तोच मोडली जाते. 'जेसी'च्या तिसऱ्या खंडात, जेथे विद्युत् यंत्रांच्या ध्वनींचे राज्य आहे, तेथे तर जेवणाच्या पंक्तीत वाढप्याने पान रिकामे होऊच देऊ नये, तशी श्रोत्याची अवस्था होते. त्याला घास गिळण्यास वेळ मिळत नाही. ही विपुलता केवळ स्वभावाची नाही, साधनाचीही आहे. संगणकावर थर वाढविण्यास ना जादा वादक लागतो ना जादा पैसा. आणि 'आता पुरे' असे म्हणणारा सहकारीही खोलीत नसतो. मैफलीत तबलजी असतो, साथीदार असतो, समोर जाणता श्रोता बसलेला असतो. त्यांच्या चेहऱ्यावरून गवयास थांबण्याची जागा कळते. एकट्याच्या वृंदात ती कळण्याची सोय नाही.

परंतु न्याय करावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, ह्या एकटेपणाची जाणीव स्वतः कॉलिअर ह्यांस लवकर झालेली दिसते. एम.आय.टी. ह्या संस्थेतील बेन ब्लूमबर्ग ह्यांनी त्यांच्यासाठी एक यंत्र तयार केले. त्यायोगे गाताना पट्ट्या दाबल्या की एकाच आवाजाचे अनेक आवाज होतात. ही एकटेपणाची परमावधी होय. पण त्यानंतरची वाटचाल उलट दिशेची आहे. 'जेसी'च्या पहिल्या खंडात हॉलंडमधील मेट्रोपोल वृंदाचे वादक आले; पुढील खंडांत नाना देशांचे गायक-वादक आले. चौथ्या खंडात 'अ रॉक समव्हेअर' ह्या गीतासाठी सतारवादक अनुष्का शंकर आणि बंगळूरच्या वरिजश्री वेणुगोपाल ह्यांची साथ आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ह्या काळात त्यांनी श्रोत्यांसच गावयास लाविले. ते सभागृहाचे तीन भाग पाडतात, प्रत्येकास एक स्वर देतात, आणि हाताच्या खुणेने एकेका भागास वर वा खाली नेतात. ज्यांना संगीताचा गंध नाही अशी सहस्रावधी माणसे क्षणार्धात हार्मनी गाऊ लागतात. चौथ्या खंडाच्या आरंभीचे गीत अशा ठिकठिकाणच्या सभांतील आवाजांचे मिळून झाले आहे. आपल्या वारीत हजारो कंठ एकच स्वर धरतात. येथे हजारो कंठ निरनिराळे स्वर धरून एक होतात. दोन्हींतला आनंद मात्र एकाच जातीचा असावा असे आम्हांस वाटते. ज्याने प्रथम स्वतःचेच अनेक आवाज करून वृंद उभारला, तो दहा वर्षांनी अनोळखी माणसांच्या आवाजांचा वृंद उभारतो, हा ह्या कारकिर्दीचा खरा विकास आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेला 'द लाइट फॉर डेज' हा संग्रहही ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पाच तारांची एक गिटार आणि गळा एवढ्या सामग्रीवर तो चार दिवसांत मुद्रित केला आहे. सहा वर्षे चार खंड रचणाऱ्याने चार दिवसांची मर्यादा स्वतःस घालून घ्यावी, ही घटना अर्थपूर्ण आहे. थांबण्याची जागा सांगणारा कोणी खोलीत नसेल, तर कलावंतास ती स्वतःच आखावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खोलीत बसले की जग दारी येते काय, आणि गुरूची गरज संपली काय?

आम्ही बडोद्याचे रहिवासी. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष ह्यांनी येथे गायनशाळा काढली. १९१६ साली येथेच भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत पंडित भातखंडे अग्रभागी होते. भातखंड्यांनी चिजा स्वरलिपीत छापल्या तेव्हा कित्येक घरंदाज गवयांस वाटले की, आता विद्या बाजारात गेली, गुरूस कोणी विचारणार नाही. त्याआधी १९०२ साली गौहरजान ह्यांचे गाणे तबकडीवर आले, तेव्हाही तीन मिनिटांत ख्यालाची हत्या होईल असे भय होते. पुस्तके आली, तबकड्या आल्या, आकाशवाणी आली, गुरू राहिला. त्याचे काम मात्र प्रत्येक वेळी बदलले. पूर्वी चीज मिळविण्यासाठी शिष्य वर्षानुवर्षे पाणी भरीत असे. पुस्तक आल्यावर चीज सुलभ झाली, आणि ती गावी कशी हे सांगणे हेच गुरूचे काम उरले. आता यूट्यूबमुळे 'कशी' ह्याचाही बराच भाग सुलभ झाला आहे. स्वतः कॉलिअर आपली गीते थराथराने उलगडून, कोठे काय व का योजिले हे तासन् तास लोकांस दाखवीत आले आहेत. घराण्याची चीज बंद पेटीत ठेवणाऱ्या आपल्या जुन्या उस्तादांशी ह्या मोकळेपणाची तुलना केली, तर लाज आपणांसच वाटावी.

तथापि त्या विद्यार्थ्याच्या युक्तिवादात एक मोठी चूक आहे. कॉलिअर ह्यांची खोली रिकामी नव्हती. तीत एका घराण्याच्या तीन पिढ्यांचे संगीत भरलेले होते; वाद्ये होती, शिकविणारी आई होती, पर्सेलसारख्या शाळेचे संस्कार होते. लंडनसारख्या नगरीत जन्म व इंग्रजी ही भाषा ह्यांचाही वाटा होताच. 'स्वयंभू' हे विशेषण देवळातील पिंडीस शोभते. कलावंतास लाविले की ते बहुधा कोणाचे तरी ऋण लपविते. शिवाय यूट्यूबवर कोणापुढे काय यावे हे एका कंपनीच्या यंत्राची गणिते ठरवितात. एका कॉलिअरमागे किती हजार गुणी मुले आपापल्या खोल्यांत न ऐकली जाता गात असतील, ह्याची गणती कोणी ठेवीत नाही. राजाश्रय गेला, तबकडीच्या कंपन्यांचा आश्रय आला, आता लोकांचा आश्रय आला असे म्हणतात. कॉलिअर ह्यांनीही आरंभीच्या काळात पॅट्रिऑन ह्या व्यवस्थेद्वारे लोकांकडून लहान वर्गण्या घेतल्या, आणि आश्रयदात्यांनी धाडलेल्या पंधरा सेकंदांच्या चालींना हार्मनी चढवून परत दिली. हा व्यवहार आम्हांस सुंदर वाटला, कारण त्यात देणारा आणि घेणारा एकमेकांस ओळखतात. पण हा आश्रयही चंचल आहे. फैय्याजखाँसाहेबांस एका दरबाराची मर्जी सांभाळावी लागे. आजच्या तरुणास अदृश्य गर्दीची मर्जी रोज सांभाळावी लागते.

हे सर्व आम्ही आमच्या मित्रांस सांगितले आणि म्हणालो, "त्या मुलास सांगा, कॉलिअर ह्यांनी गुरू नाकारला नाही, त्यांना तो घरातच मिळाला होता. तुलाही मिळालेला आहे, तो सोडू नकोस." मित्रांस हे उत्तर आवडले. पण बोलता बोलता आम्ही सहज विचारले, "त्याची गाणी कशी आहेत?" मित्र थोडे गप्प झाले आणि म्हणाले, "ती मी ऐकलेली नाहीत."

आमच्या लेखाचा उद्देश ह्या एका वाक्यात येऊन ठेपतो. आपण शिक्षक, आपण परिषदांचे सभासद, नवी पिढी परंपरेपासून दूर चालली म्हणून खेद करतो. पण ती जे करीत आहे त्याकडे कान देत नाही. कवितेच्या नव्या संग्रहावर आपण चार पाने लिहितो, आणि आपल्याच गावातील मुलगा खोलीत बसून मराठी शब्दांस नवी चाल लावतो त्याचा दोष वा गुण सांगणारा त्यास कोणी भेटत नाही. प्रशंसेचे आकडे त्यास यंत्र दाखविते. 'ही जागा सोड, ही धर, येथे थांब' असे सांगणारा जाणता श्रोता यंत्र देऊ शकत नाही. कॉलिअर ह्यांच्यासारख्या भाग्यवंतासही तो पुष्कळ काळ लाभला नाही, ह्याच्या खुणा त्यांच्या संगीतात आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील आमच्या बांधवांनी आपापल्या शाखांच्या श्रवणसभांत अशा तरुणांस बोलवावे, त्यांचे मुद्रण शांतपणे ऐकावे, आणि मुलाहिजा न ठेवता मत द्यावे, अशी आमची सूचना आहे.

आमच्या मित्रांनी आरंभ केला आहे. त्या विद्यार्थ्यास त्यांनी दर गुरुवारी रियाजास आणि दर रविवारी आपली मुद्रिते घेऊन येण्यास सांगितले आहे. पहिल्या रविवारी तीन गाणी ऐकली. दोन त्यांस बेताची वाटली; तिसऱ्यात, अनेक आवाजांच्या गर्दीखाली, त्यांनीच शिकविलेल्या यमनातील निषादाची एक जागा ओळखू आली. ती गर्दी थोडी कमी करता येईल काय, असे त्यांनी विचारले, आणि मुलगा ते गाणे पुन्हा मुद्रित करून आणणार आहे.